मार्लिसची तक्रार

ऑरिन हॅल्व्हर्सनने आपली रायफल विकायला काढली ती सप्टेंबरात, आणि त्याच्या बायकोने ती जाहिरात पाडली त्याच संध्याकाळी, बटाटे उकडायच्या आत. तो बाहेरच्या खोलीत फुटबॉलची मॅच बघत होता, मार्लिस स्वयंपाकघरात उभी होती आणि मधलं दार सताड उघडं होतं. तिने फोनवर गावाचा खरेदी-विक्रीचा ग्रुप उघडला, रायफलच्या फोटोखाली 'तक्रार करा' असं होतं तिथे बोट टेकवलं, कारण विचारल्यावर 'शस्त्रविक्री' निवडलं आणि बटाट्यात सुरी खुपसून बघितली. अजून कच्चेच होते.

"मार्लिस!" थोड्या वेळाने बाहेरून आरोळी आली. "माझी जाहिरात उडवली यांनी!"

"कुणी?"

"कॅलिफोर्नियातल्या पोरांनी! नियमात बसत नाही म्हणे."

"अरेरे," मार्लिस म्हणाली आणि बटाट्यांचं पाणी ओतून दिलं.

नियम त्याच वर्षी निघाला होता. परवानेवाल्या दुकानांनी काय ते विकावं, घरगुती माणसांनी आमच्या साइटवर एकमेकांना बंदुका विकायच्या नाहीत, असं साइटच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने जाहीर केलं आणि उत्तर विस्कॉन्सिनमधल्या या गावात लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोवर त्या ग्रुपवर कालवडी, बर्फ काढायची यंत्रं, लग्नाचे झगे आणि बंदुका सगळं एका रांगेत विकलं जात होतं. नियम आल्यावर लोकांनी डोकं लढवलं. कुणी एका मोडक्या खुर्चीचा फोटो टाकला आणि सबंध जेवणाच्या टेबलाची किंमत लावली. खुर्चीला एक बंदूक टेकलेली होती, निव्वळ योगायोगाने. कुणी आपला कुत्रा झोपलेला दाखवला, त्याच्या पंजाखाली एक लांबडी वस्तू, आणि खाली लिहिलं, 'कुत्रा विकायचा नाही, पण फोन करा.'

कंपनीलाही फार हौस नव्हती. तिच्या यंत्राला खुर्ची दिसली की ते खुर्ची म्हणायचं आणि पुढे जायचं. त्याला जाग यायची ती कुणी तक्रार केली तरच. आणि या गावात शेजाऱ्याची तक्रार कुणी करत नाही. कुंपणावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण त्याच न बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या दारातला बर्फ गुपचूप साफ करून देतात. तक्रार मात्र नाही. मार्लिसला हे जन्मापासून ठाऊक होतं. म्हणूनच बोट टेकवून झाल्यावर तिने फोन चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ढकलला, जणू काही गुन्हा त्या फोननेच केला होता.

बहिणीला, बर्नाडीनला, तिने कारण वेगळंच सांगितलं. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की गावातले पुरुष जंगलातल्या आपापल्या खोप्यांत जाऊन राहतात, पत्ते कुटतात, आंघोळीला फाटा देतात, आणि मागे राहिलेल्या बायका स्वतःला हसत हसत 'विधवा' म्हणवून घेत शहरातल्या हॉटेलात जातात. गरम पाण्याचा हौद, दुकानं, संत्र्याची फोड घातलेली ब्रँडी. मार्लिसने लग्न झाल्यापासून ही विधवांची सहल एकदाही चुकवली नव्हती.

"तो घरी राहिला तर माझी सहल बुडाली," ती बर्नाडीनला म्हणाली.

"सहल जाऊ दे गं," बर्नाडीन म्हणाली, "जीव जाईल तुझा! माझा घरी बसायला लागला तेव्हा आठवडाभरात त्याने माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ कुठे? तर म्हणे ठेंगण्यांत बघ!"

दोघी खूप हसल्या. पण मार्लिसची खरी भीती सहलीची नव्हती. आदल्या नोव्हेंबरात ऑरिन मचाणाच्या शिडीवरून पडला होता. खुब्याचं हाड तडकलं, ते भरलंही, डॉक्टर म्हणाले आता चाला-फिरा. पण ऑरिन फिरेना. आणि मार्लिसने हे एकदा बघितलेलं होतं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, काही झालेलं नसताना, बंदूक विकून टाकली होती. मग होडी विकली. मग दाढी करायचं सोडलं. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले ते बसलेच, आणि पुढचा बर्फ वितळायच्या आत गेले. धडधाकट माणूस बंदूक विकून खुर्चीत बसतो आणि संपतो, हे तिच्या मनाने तेव्हापासून घट्ट धरून ठेवलं होतं. ऑरिनने रायफलचा फोटो काढलेला बघितला तेव्हा तिला फोटोत रायफल दिसलीच नाही. ती खुर्ची दिसली.

हे त्याला तोंडावर सांगायचं? ते त्या घरात होत नसे. दोघांचा संसार उत्तम चालला होता तो अशा गोष्टी न बोलता.

ऑक्टोबरात ऑरिनने पुन्हा जाहिरात टाकली. या खेपेस रायफल बर्फाच्या यंत्रावर आडवी ठेवून यंत्र विकायला आहे असं लिहिलं. मार्लिसने ती धुणं वाळत घालता घालता पाडली. त्याने आठवड्याने तिसरी टाकली, तीही गेली. ऑरिन दर वेळी कॅलिफोर्नियाच्या नावाने बोटं मोडायचा, आणि एक गोष्ट तिला तेव्हाही विचित्र वाटली, की बोटं मोडून झाल्यावर त्या रात्री तो चांगला जेवायचा.

इकडे गावाला संशय यायला लागला होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेले मासे खायला टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गावच्या बारमध्ये, जमतं, तिथे क्लीटने विषय काढला. क्लीटचं गळ-गांडुळांचं दुकान होतं आणि गावातली प्रत्येक बातमी तिथूनच निघायची.

"इतरांच्या जाहिराती टिकतात आणि एकट्या ऑरिनच्या उडतात," क्लीट म्हणाला. "कुणीतरी आहे. आणि मी सांगतो कोण. तळ्याकाठचं ते राजधानीतून, मॅडिसनहून आलेलं जोडपं."

"त्यांनी काय केलं?" मार्लिसने विचारलं.

"मॅडिसनचे आहेत," क्लीट म्हणाला. टेबलावर कुणालाही आणखी पुरावा लागला नाही.

पुढच्या शुक्रवारी त्या जोडप्याला बसायला कुणी जागा सरकवून दिली नाही, आणि मार्लिसला मासा गिळवेना. दुसऱ्या दिवशी ती खजुराच्या वड्यांचं मोठं ताट घेऊन त्यांच्याकडे गेली. ती दोघं बिचारी हरखून गेली. एवढं प्रेमळ गाव आपल्याला कसं काय मिळालं, असं म्हणाली. मार्लिस शरमेने अर्धमेली होऊन घरी आली आणि आता कानाला खडा, असं तिने ठरवलं.

त्याच संध्याकाळी चौथी जाहिरात आली. नुसती रायफल, ना खुर्ची ना यंत्र. खाली कुणाचाही शेरा नव्हता, कुणी पसंतीचा अंगठाही दिला नव्हता. आपण अगदी वेळेवर पोचलो असं मार्लिसला वाटलं. कानाला लावलेला खडा तिने काढून ठेवला आणि बोट टेकवलं.

त्यानंतर साइटने ऑरिनला नारळच दिला. तुमचं खातं बंद, पुन्हा येऊ नका. मार्लिसचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात राहिला तीन-चार दिवस.

मग ऑरिन गावातून परत आला तो तोंड पाडूनच.

"क्लीटने माझ्यासाठी चिठ्ठी लावलीय," तो म्हणाला. "दुकानात, भिंतीवर. रायफल विकणे आहे, आणि आपला पत्ता."

"तू सांगितलंस?"

"नाही गं. आपणहून लावली. मॅडिसनवाल्यांची जिरवायची म्हणून." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "चांगला माणूस आहे. त्याला काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मार्लिस क्लीटच्या दुकानात गेली. चिठ्ठी गल्ल्याच्या बरोबर वर, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून लावलेली होती आणि तिच्याखाली क्लीट स्वतः उभा होता.

"बघितलंस?" तो छाती फुगवून म्हणाला. "ही कुणाच्या बापाला उडवता येणार नाही."

"छान आहे," मार्लिस म्हणाली. काहीतरी घ्यायला हवं म्हणून तिने गांडुळांचा एक डबा घेतला, तळं गोठत आलेलं असताना, आणि घरी आली.

गिऱ्हाईक आलं ते शिकार सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. दारात पिवळ्या जाकिटातली एक तरुण बाई उभी होती.

"मी ट्रेसा. शाळेची बस चालवते," ती म्हणाली. "क्लीटकडे चिठ्ठी बघितली. शिकारीचं लायसन्स काढलंय यंदा, पहिल्यांदाच. वेळ चुकीची नाही ना?"

"छे छे," ऑरिन म्हणाला.

"छे छे," मार्लिस म्हणाली, आणि कॉफी ठेवली, कारण इतक्या लांबून आलेल्या माणसाला कॉफीशिवाय सोडायची सोय नाही. वड्याही काढल्या.

ऑरिनने कपाटातून रायफल आणली, उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ठेवली. ट्रेसाने हात लावायच्या आधी पँटला पुसले.

"सुंदर आहे हो."

"धक्का फार मारते," ऑरिन म्हणाला. "खांदा काळानिळा करते."

"दिवसभर बस ओढते मी. खांदे आहेत माझे दणकट."

"नेम डावीकडे जातो."

"मग मी उजवीकडे धरीन."

"दस्त्याला चीर आहे."

"कुठे?"

ऑरिनने रायफल फिरवून फिरवून बघितली. चीर सापडेना. "उन्हात दिसते," तो म्हणाला.

मार्लिसचा कॉफी ओतणारा हात थबकला. नेम डावीकडे जातो? याच रायफलचा? दर ऑक्टोबरात हा माणूस जुन्या खाणीत जाऊन नेम तपासायचा आणि मधोमध भोकं पडलेला कागद घरी आणून फ्रिजवर लावायचा. पाव्हणा आला की त्याला दूध काढायच्या निमित्ताने फ्रिजपाशी पाठवायचा. स्वतःच्या बायकोने स्वयंपाक बिघडवला असं तो चारचौघांत एक वेळ म्हणाला असता, पण या रायफलचा नेम डावीकडे जातो असं मेला तरी म्हणाला नसता. हा चक्क खोटं बोलतोय, मार्लिसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला विकायचीच नाहीये!

"मला चालेल," ट्रेसा म्हणत होती. "चीर, धक्का, सगळ्यासकट. चिठ्ठीवर आहेत तेवढे देते." आणि तिने जाकिटाच्या खिशात हात घातला.

ऑरिनने खिडकीबाहेर बघितलं. मग टॉवेलची घडी नीट केली. या भागात माणसं अस्वलाला भीत नाहीत, बर्फाला भीत नाहीत, 'नाही' म्हणायला मात्र मरणाची भितात. त्याने मार्लिसकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते तिने इतक्या वर्षांच्या संसारात कधी बघितलं नव्हतं. तो तिला विनवत होता.

"विकायची नाही," मार्लिस म्हणाली.

ट्रेसाचा हात खिशातच राहिला. "मग क्लीटच्या भिंतीवर ती चिठ्ठी कशी?"

"कारण क्लीटच्या भिंतीला तक्रारीचं बटण नाही!" मार्लिस म्हणाली, आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला ते मिटता येईना. "मी पाडल्या, ऑरिन. पहिलीपासून सगळ्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी काही केलं नाही आणि त्या मॅडिसनवाल्यांनी तर अजिबातच नाही. तुझे बाबा बंदूक विकून खुर्चीत बसले ते उठले नाहीत. मी बघितलंय ते. रोज बघत होते. तू तसा बसलास तर मी काय करू? मला तू हवा आहेस, कळलं? आता रागावायचं तर खुशाल रागाव."

ऑरिन रागावला नाही. त्याने कानामागे खाजवलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तूच पाडतेस ते. बर्फाच्या यंत्राच्या वेळी शंका आली. शेवटची जाहिरात मी क्लीटच्या पोरीकडून लावून घेतली, अशी की फक्त तुलाच दिसेल."

"मलाच?"

"सबंध दुनियेत दुसऱ्या कुणालाही नाही. आणि माझी कॉफी गार व्हायच्या आत उडाली."

ट्रेसाने, दुसरं काय करावं ते न सुचून, आणखी एक वडी घेतली.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" मार्लिस ओरडली. "तिकडे मी मॅडिसनवाल्यांना वड्या घालतेय!"

"काय बोलू?" ऑरिन टॉवेलकडे बघत म्हणाला. "मला शिडीची भीती वाटते, मार्लिस. खोपीवरच्या पोरांना हे कसं सांगू? रात्री ते पडणं आठवलं की सकाळी वाटायचं, काढून टाकावी विकून, प्रश्न मिटला. आणि तू पाडलीस की इतकं बरं वाटायचं. वाटायचं, हिचा अजून भरवसा आहे माझ्यावर. म्हणून मग पुन्हा टाकायचो."

मार्लिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं, टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या टकलावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही तिला आवरायचं नव्हतं.

"मी निघू का?" ट्रेसाने हळूच विचारलं.

"बस खाली," दोघंही एकदम म्हणाली.

"गावातल्या परवान्याच्या दुकानातून घे तू," ऑरिन तिला म्हणाला. "रीतसर नोंद करून. आणलीस की इकडे ये. नेम मी लावून देतो."

"डावीकडे जाणारा?" ट्रेसा म्हणाली, आणि ऑरिन कानापर्यंत लाल झाला.

त्या शुक्रवारी मार्लिस टॅव्हर्नमध्ये उभी राहिली आणि मासे यायच्या आधीच सगळं सांगून मोकळी झाली. काही क्षण असे गेले की तिला वाटलं, आता आपल्याला कुणी जागा सरकवून देणार नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं टॅव्हर्न खदखदायला लागलं. क्लीट तेवढा फुरंगटून बसला, कारण प्लास्टिकचं पाकीट वाया गेलं होतं. मॅडिसनच्या जोडप्याला दोन्ही बाजूंनी जागा झाली. आपल्यावर संशय होता हे त्यांना त्याच दिवशी कळलं आणि त्यांनी वड्यांची कृती मागून घेतली.

मार्लिसची अट एकच होती, शिडी नाही. मचाण नाही, खोपीही नाही. गोठ्यामागे झुडपांच्या आडोशाला जमिनीवर बसायचं, आणि तिथून शिकार करायची. ऑरिनने थोडी कुरकुर केली, ती रीत म्हणून.

शिकारीच्या पहिल्या दिवशी तो पहाटेच शिकाऱ्यांचे नारिंगी कपडे चढवून गोठ्यामागे गेला. मार्लिसने बॅग भरली. दुपारी बर्नाडीन तिला न्यायला येणार होती. तासाभराने मागचं दार वाजलं. ऑरिनला कॉफी हवी होती. ती देऊन ती केसांना कर्लर लावते तोच पुन्हा दार. त्याचा एक हातमोजा घरी राहिला होता. तिसऱ्यांदा तो पाय बधिर झाले म्हणून आला आणि शेगडीपाशी बराच वेळ उभा राहिला.

"नोव्हेंबरात तुला मी इतकं कधी बघितलेलं नाही," मार्लिस म्हणाली. "खोपीवर काय करायचास?"

"खोपीवर मी दिवसभर बाहेर असायचो," ऑरिन म्हणाला. "तिथे सूप नव्हतं."

बर्नाडीनने अंगणात येऊन हॉर्न वाजवला. मार्लिस अंगावर शाल घेऊन बाहेर गेली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी उद्या येते. किंवा बघते."

"सांगितलं होतं मी!" बर्नाडीन काच खाली करून ओरडली. "डबे सांभाळ!"

मार्लिस आत आली तेव्हा ऑरिन पुन्हा गोठ्यामागे गेला होता. तिने सूप चढवलं, कांदा टाकला, आणि गोळीचा आवाज येतो का म्हणून कान देत राहिली. आवाज आला नाही. दुपार कलायला लागली. पंजा टाकायला आलेल्या म्हाताऱ्या मांजरीवर ती उगीचच खेकसली.

मग दार धाडकन उघडलं. ऑरिन आत आला, नाक लाल, बूट चिखलाने भरलेले, आणि बूट न काढता तो थेट तिच्या पुसलेल्या फरशीवरून स्वयंपाकघरात आला.

"आला होता!" तो म्हणाला. "समोर! इथून त्या कपाटाइतका लांब. कोवळी शिंगं, एवढी एवढी. कान हलवून माझ्याकडे बघितलं त्याने!"

"आणि? मी तर काही ऐकलं नाही."

"झाडली नाही."

मार्लिसचा पळा हातातच राहिला. "का रे? हात थरथरला?"

"हात कशाला थरथरेल?" ऑरिनने खुर्ची ओढली आणि सूपच्या भांड्यात डोकावून बघितलं. "लहान आहे अजून. वाढू दे त्याला. पुढच्या वर्षी बघतो मी त्याच्याकडे."

मार्लिसने त्याच्याकडे पाठ केली आणि सूप ढवळायला लागली. ढवळायचं काही राहिलं नव्हतं, तरी ती बराच वेळ ढवळत राहिली.